मदत हवी आहे: गव्हाचं काड न जाळता सोयाबीन कसं पेरावं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. सांवेरकडे मामांची काळी जमीन आहे, सोयाबीन आणि गहू ही दोनच पिकं. हार्वेस्टरने गहू काढला की धसकटं उभी राहतात आणि आजूबाजूचे सगळे ही नरवाई पेटवून देतात. मामांना आता जाळायचं नाही, नांगरटही कमीत कमी करायची आहे. मला ते मनापासून पटतं. वैशाखात उघड्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत बांधालगतची माती चहाच्या रंगाचं पाणी होऊन नाल्याला लागते. नाला कान्ह नदीला मिळतो, कान्ह क्षिप्रेला. वर काडाचं आच्छादन असेल तर थेंबांचा मार मातीला बसत नाही, पाणी मुरतं.

याच इंदुरात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर लावून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. तिथल्याच शिवारात काड जळताना बघून जीव तुटतो.

आता अडचण अशी: काळ्या चिकण जमिनीत, धसकटं उभी असताना, हॅपी सीडरने (काड न काढता त्यातूनच पेरणारं यंत्र) सोयाबीन नीट पेरलं जातं का? ओल जास्त असली तर फाळात माती अडकते असं ऐकलं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, नेमका कसा ओळखायचा? हिरवळीच्या खतासाठी ताग घ्यावा तर उन्हाळ्यात पाणी नाही. मग सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्यात का, आणि किती ओळींमागे एक? माळव्यात किंवा विदर्भ-मराठवाड्यात कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. यंत्र भाड्याने कुठे मिळेल तेही सांगा.