मदत हवी आहे: आयआयटी मुंबईतली भाषा-संगणनाची प्रयोगशाळा नववीच्या मुलांना दाखवायची आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची पुण्याची, सांगोला तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वर्गातली बरीच मुलं धनगरांच्या घरची. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने निबंधात लिहिलं, 'पावसाच्या आधी आमचा वाडा कोकणातून परत येतो.' मी त्याखाली लाल रेघ ओढली. वाडा परत कसा येईल? तिने शांतपणे समजावलं: मेंढरं घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ म्हणजे वाडा. ती रेघ अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून मुलं घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून शब्द गोळा करतात. मेंढरं कोंडायची जाळी ती वाघूर, कळप तो खांडवा. वहीत ४०० च्या वर शब्द झालेत. प्रत्येकापुढे अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला ते, आणि त्यांच्याच बोलण्यातलं एक वाक्य.

असंच काम पवईला, आयआयटी मुंबईत, संगणकावर चालतं हे मला नंतर कळलं. आयआयटीच्या संगणकशास्त्र विभागात प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी केंद्र उभं राहिलं. तिथे आधी हिंदी वर्डनेट, म्हणजे संगणकावरचा एक शब्दकोश, झालं, मग त्याला जोडून मराठी. (कोंकणीचं गोवा विद्यापीठाने केलं.) वर्डनेटमध्ये शब्द अकारविल्हे नसतात, अर्थानुसार बांधलेले असतात. एका अर्थाचे सगळे शब्द एका संचात, सोबत व्याख्या आणि उदाहरणाचं वाक्य. म्हणजे 'पान' झाडाचं वेगळं, पुस्तकाचं वेगळं, विड्याचं वेगळं. आमच्या मुलांची वही जवळपास याच घडणीची आहे! हे त्यांनी तिथे जाऊन बघावं, एवढीच माझी इच्छा आहे.

अडचण अशी, की गेल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेला मेल केला होता, 'शैक्षणिक भेटीसाठी परवानगी मिळावी' म्हणून. त्याला उत्तर आलंच नाही. या वेळी चूक करायची नाही. पत्र कुणाच्या नावे लिहायचं? महिना कोणता बरा? ४५ मुलं नेली तर चालतील का? साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे, तिथे जाऊन गेटवरून परत फिरलो असं व्हायला नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, मी तिथे एमटेक केलं आहे. पत्र थेट प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांना लिहा, विभागाच्या कार्यालयाला प्रत द्या. विभागाच्या संकेतस्थळावर सध्याची नावं मिळतील. मुख्याध्यापकांच्या सहीचं, शाळेच्या शिक्क्याचं पत्र जोडा. नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये सत्रपरीक्षा असतात, डिसेंबरच्या सुरुवातीला प्लेसमेंट (विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांसाठी कंपन्यांच्या मुलाखती), तेव्हा कुणाला वेळ नसतो. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत सोमवार ते शुक्रवारमधले दोन-तीन वार सुचवा. ४५ मुलं खोलीत मावणार नाहीत, वीसच्या आत ठेवा. मुलांची नावं आणि गाडीचा नंबर आधी कळवा, ओळखपत्रं सोबत ठेवा.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिथे बघण्यासारखी यंत्रं नाहीत. माणसं पडद्यापुढे बसून काम करत असतात, पाच मिनिटांत मुलं कंटाळतील. म्हणून 'प्रयोगशाळा दाखवा' म्हणू नका, 'एक तास मुलांशी बोला' म्हणा. वर्डनेटच्या कामात संगणकवाल्यांइतकेच भाषातज्ज्ञ लागतात, त्यांच्याशी भेट मागा. मराठी वर्डनेट ऑनलाइन खुलं आहे. निघण्याआधी मुलांना आपले शब्द त्यात शोधायला लावा. कोणता सापडला, कोणता नाही, ही यादी पत्रासोबत पाठवा. उत्तर येण्याची शक्यता त्या यादीमुळे वाढेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनापासून आभार. १८ मुलं नेते. ज्यांनी सर्वांत जास्त शब्द आणले ती नव्हे, तर ज्यांच्या घरचा वाडा तेव्हा कोकणात असेल आणि जी शाळेसाठी आजीपाशी मागे राहतात, ती. पत्राची सुरुवात अशी केली आहे:

'सप्रेम नमस्कार. आमच्या विद्यार्थ्यांनी मेंढपाळ कुटुंबांच्या बोलण्यातले शब्द जमवले आहेत. त्यांतले २० सोबत जोडले आहेत, वाक्यांसह. असा एखादा शब्द संगणकात कसा जातो, त्याचा अर्थ दुसऱ्या अर्थापासून वेगळा कसा ठेवतात, हे मुलांना तुमच्याकडून ऐकायचं आहे. तासभर वेळ द्याल का?'

यादीत पहिला शब्द 'वाडा' ठेवला आहे. काही कमी-जास्त वाटलं तर रविवारपर्यंत सांगा, सोमवारी पाठवते.