रिकव्हरी ६२ टक्क्यांवर मरते; पत्रिकांच्या फाइली न घालवता विंडोज परत कसं टाकू?

पत्रिकावाला_मंगळवारपेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरातच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल. तुळशीचं लग्न झाल्यापासून मान वर करायला उसंत नाही आणि नेमकं आत्ताच लॅपटॉपनं दगा दिला.

परवा संध्याकाळी अपडेट चालू असताना लाईट गेली. बॅटरी वर्षभर दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, त्यामुळं मशीन तिथंच बंद पडलं. आता चालू केलं की लोगो, खाली 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग निळा पडदा, की पुन्हा लोगो. रात्रभर हेच.

निळ्या पडद्यावरनं रिकव्हरीत गेलो तर ४८ आकडी की मागितली. असली कुठली की असते हेच मला माहीत नव्हतं. लॅपटॉप २०२१ ला घेतला तेव्हा मुलीनं तिच्या ईमेलवरून चालू करून दिला होता, म्हणून पुण्याला तिला फोन केला. तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दोन किल्ल्या निघाल्या. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जिच्याशी जुळली ती तिनं सांगितली, सहा-सहा आकडे, आठ वेळा. की लागली. मग 'रिसेट धिस पीसी', 'कीप माय फाइल्स'. पाऊण तासानं ६२ टक्क्यांवर 'देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युवर पीसी. नो चेंजेस वेअर मेड.' तीनदा केलं, तिन्ही वेळा ६२ वरच.

एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. साडेतीन हजार होतील आणि डेटा जाणार म्हणाले. लॅपटॉप त्यांना द्यायला माझं मन तयार होईना. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळच्या जुन्या जागेतला डेस्कटॉप पाण्यात गेला, त्यात आठ वर्षांचं काम होतं. तेव्हापासून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी ठेवतो, पण शेवटची कॉपी गणपतीच्या आधीची आहे. नंतरच्या सगळ्या पत्रिका लॅपटॉपवरच आहेत, डी ड्राइव्ह पाडलेलाच नाही. आय५ अकरावी पिढी, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, विंडोज १०.

फाइली वाचवून विंडोज परत टाकता येईल का? जाणकारांनी जरा सांगा.

इचलकरंजीकर

दादा, पहिली गोष्ट म्हणजे रिसेट आता पुन्हा करू नका. की मिळाली आहे ना, मग निम्मं काम झालं. तुमच्या डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचंच, कुलूप आहे आणि ही त्याची किल्ली. ती नसती तर फाइली कुणालाच काढता आल्या नसत्या, दुकानवाल्यालासुद्धा नाही.

रिसेट का होत नाही ते सांगतो. लोकांना वाटतं कंपनीनं नव्या विंडोजची कॉपी कुठंतरी जपून ठेवलेली असते. साधा रिसेट तसा चालत नाही. सी ड्राइव्हवर ज्या सिस्टिम फाइली आहेत त्यांच्यातूनच तो नवं विंडोज जुळवतो. अपडेट अर्धवट राहून त्याच बिघडल्या असतील तर कितीही वेळा करा, तिथंच येऊन थांबणार. आणि तुमच्या हातून चुकलं असंही मनात आणू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये १२ तारखेच्या अपडेटनंतर विंडोज १० वर रिसेट आणि रिकव्हरी फसत होती, १९ तारखेला वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त करावं लागलं.

आता फाइली. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'कमांड प्रॉम्प्ट'. की मागेल, टाका. काळ्या खिडकीत नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की 'फाइल', 'ओपन', आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात. तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक, कॉपी, मग बाहेरच्या डिस्कवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथं बदललेली असू शकतात, त्यामुळं आतली फोल्डरं बघून ओळखा.

कॉपी होताना पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी होते. घाबरून बंद करू नका. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

सायबरचौक_हार्डवेअर

वरचं बरोबर आहे, त्यात माझी एक भर. काका, डीटीपीवाले आहात तर फॉन्ट विसरू नका. माझ्याकडं येणारे निम्मे प्रेसवाले फाइली घेतात आणि फॉन्ट तिथंच ठेवून येतात. विंडोजच्या आतलं फॉन्ट्सचं फोल्डर घ्याच, पण फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं असेल तर तो तिथं नसतो, तुमच्या युजरच्या आत अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथं असतो. सरळ अख्खं युजरचं फोल्डर उचला.

नंतर दुसऱ्या कुणाच्या तरी चालू मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर करा. पेनड्राइव्ह कोरा होतो, हे लक्षात ठेवा. विंडोज ११ च टाका. १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमची अकरावी पिढी ११ ला चालते. प्रॉडक्ट की मागितली तर 'आय डोन्ट हॅव' करा. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स मदरबोर्डमध्ये असतं, इंटरनेट लागलं की आपोआप लागू होतं.

हे सगळं चार्जर लावून आणि इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच करा. आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, पुसताना तीही यादीत दिसते आणि घाईत माणूस तीच पुसतो.

पत्रिकावाला_मंगळवारपेठ

दोघांचे मनापासून आभार. नोटपॅडनं खरंच फोल्डरं उघडली, बघून डोळ्यांत पाणी आलं. ६२ जीबी होतं. दीड तास खिडकी नुसती गोठून होती, मी दिव्याकडं बघत बसून राहिलो. सगळं आलंय, फॉन्टसकट. भाच्याच्या मशीनवर दहा-बारा फाइली उघडून पाहिल्या, ठीक आहेत.

पण आता नवीनच अडचण. पेनड्राइव्हवरनं विंडोज ११ चालू केलं, भाषा निवडली, आणि कुठं टाकायचं त्या पानावर यादी पूर्ण रिकामी! एसएसडी दिसतच नाही. काल तर त्याच डिस्कवरून कॉपी केली. मेली की काय?

सायबरचौक_हार्डवेअर

मेली नाही काका. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागं असते. कंपनीनं दिलेल्या रिकव्हरीत त्याचा ड्रायव्हर आधीच घातलेला असतो, म्हणून तिला डिस्क दिसली. तुमच्या पेनड्राइव्हवर तो नाही.

लॅपटॉपच्या तळाशी सिरियल नंबर आहे, तो कंपनीच्या साइटवर टाकून स्टोरेजमधला इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा. नुसती सेटअप फाइल पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, ती उलगडून आतलं आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर टाका. मग त्या रिकाम्या पानावर 'लोड ड्रायव्हर', 'ब्राउझ', ते फोल्डर. यादीत ज्याच्या नावात ९ए०बी आहे तो घ्या, अकराव्या पिढीचा तोच.

वायफायचाही ड्रायव्हर नसेल तर सेटअप इंटरनेटपाशी अडून बसेल. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

इचलकरंजीकर

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते, पण काही लॅपटॉपमध्ये तो पर्यायच नसतो. ड्रायव्हरचा रस्ता बरा. आणि दादा, या वेळी खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर काढा.

पत्रिकावाला_मंगळवारपेठ

झालं! ९ए०बी निवडला आणि दोन सेकंदांत ४७६ जीबीची डिस्क पुढ्यात. जुनी पार्टिशनं पुसली, रिकाम्या जागेवर नेक्स्ट केलं, पाऊण तासात विंडोज चालू. वायफाय खरंच नव्हतं, टेदरिंगवर निभावलं. अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप झालं.

खातं माझ्या नावावर काढलं. नवी ४८ आकडी की छापून घराच्या कागदपत्रांच्या डब्यात ठेवली आणि मुलीलाही पाठवली. नवी बॅटरी सांगितली आहे, शनिवारी येईल. तोवर लाईट नसताना मशीनला हात लावणार नाही.

फॉन्टचं मात्र सायबरचौकच्या ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून वाचलो. वडणग्याच्या एका पार्टीची पत्रिका उघडली तर 'श्री जोतिबा प्रसन्न'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. जुने फॉन्ट युनिकोडचे नाहीत, ते नसले की मजकूर असा होतो. पोटात गोळाच आला. सगळे फॉन्ट निवडून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' केलं, फाइल बंद करून परत उघडली आणि जोतिबा, अंबाबाई, मुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्ताची वेळ, सगळं जिथल्या तिथं.

त्यांना उद्या सकाळी प्रूफ द्यायचं आहे. आता तेच काढतोय.