शब्दचर्चा : ‘माशी बांधणे’ म्हणावं का? आणि ‘लाइव्ह रेकॉर्डिंग’ला काय?

मूळ प्रश्न (नागपूर)

दोन शब्द बरेच दिवस अडून बसलेत, म्हणून इथे विचारतो.

मी घरी ट्राउट मासा गळाला लागावा म्हणून ‘फ्लाय’, म्हणजे माशीसारखं खोटं भक्ष्य, तयार करतो. बारीक गळावर रेशमी दोऱ्याने पिसं, सशाचे केस, लोकर, तार असं एकेक बांधत पाण्यातल्या किड्याचं रूप उभं करायचं. नागपुरात ट्राउट नाही आणि असणारही नाही. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास हा मासा काश्मीरात आणला, निलगिरीत आणि कुलूच्या खोऱ्यातही सोडला. मी वर्षातून एकदा हिमाचलात तीर्थन नदीवर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची बंदी असते, म्हणून मार्चअखेर. उरलेलं वर्षभर टेबल, दिवा, व्हाइस नावाच्या पकडीच्या जबड्यात धरलेला गळ आणि जोडीला रॉक बँडांची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज. उन्हाळ्यात कूलर लावला की पिसं उडतात, त्यामुळे उकाडा थोडा उतरल्यावर, रात्री अकरानंतर बसतो.

परवा वहिनींनी फोनवर विचारलं, “काय चाललंय भाऊजी?” मी म्हटलं, “माश्या बांधतोय.” त्यांना ऐकू आलं ‘मासे’. “माशांना कशाला बांधता?” मग माशांसाठी माश्या असं सांगायला गेलो तर दोन्ही शब्द माझ्याच तोंडात एक झाले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ‘माशी’ हा शब्द इथे चालेल का? क्रियापद ‘बांधणे’ घ्यावं, ‘विणणे’ की ‘वळणे’? आणि मी ऐकतो त्याला ‘थेट ध्वनिमुद्रण’ म्हणावं तर ते पटत नाही. ५० वर्षांपूर्वीचं वाजणं आज ‘थेट’ कसं?

प्रतिसाद (पुणे)

तुमच्या वहिनींच्या कानाचा दोष नाही. हे दोन शब्द मुळात वेगळे होते आणि मराठीत येता येता जवळ आले. मासा आला ‘मत्स्य’वरून, माशी ‘मक्षिके’वरून. प्राकृतात ‘त्स्य’चाही ‘च्छ’ झाला आणि ‘क्ष’चाही ‘च्छ’ झाला, आणि त्या ‘च्छ’चा आपण स किंवा श केला. वत्सावरून वासरू, क्षेत्रावरून शेत, कुक्षीवरून कूस, सगळी त्याच वाटेने आलेली मंडळी. हिंदीने दुसरी वाट धरली, म्हणून तिकडे मछली आणि मक्खी यांत घोटाळा होत नाही.

वर आपली आणखी एक सवय. घसा–घशाला, ससा–सशाला, पैसा–पैशाला, तसं मासा–माशाला. सामान्यरूपात स चा श होतो आणि मासा माशीच्या दारात जाऊन उभा राहतो. लिहिताना ‘माशांना’ आणि ‘माश्यांना’ असा फरक करता येतो, बोलताना तो ‘य’ कोणी उच्चारत नाही. तेव्हा ‘माशी’ घ्या, पण अनेकवचनात जपून.

प्रतिसाद (मालवण)

आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरायला ‘गरवणे’. तुम्ही नदीवर जाता तेव्हा ‘गरवायला जातो’ म्हणा, सुंदर क्रियापद आहे, घाटावर कोणी वापरत नाही याचं वाईट वाटतं. घरी करता त्या कामाला मात्र आमच्याकडे शब्द नाही, कारण ती वस्तूच नाही. इथे कोलंबीचा तुकडा लावतात. पिसाला मासा फसतो हे मी पहिल्यांदाच वाचलं.

प्रतिसाद (अमरावती)

कोणी ‘आमिष’ हा शब्द सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. मूळ संस्कृतात ‘आमिष’ म्हणजे मांस. म्हणून ‘निरामिष’ म्हणजे मांस नसलेलं. गळाला मांस लावत, त्यावरून आमिष म्हणजे प्रलोभन असा अर्थ रुळला. पिसांच्या आणि लोकरीच्या वस्तूला आमिष म्हटलं तर शब्दाच्या पोटातला अर्थ दुखावतो. एवढंच.

प्रतिसाद (नागपूर, निवृत्त)

सरकारी कचेरीत ३२ वर्षं लिहिण्यात गेली, म्हणून एक आठवण. नव्या कारकुनाने जुन्या मसुद्यातली चूक जशीच्या तशी उतरवली की आमचे मोठे साहेब म्हणायचे, “मक्षिकास्थाने मक्षिका.” कोण्या लेखनिकाला जुन्या पोथीच्या पानावर चिकटून मेलेली माशी दिसली, तर त्याने नकलेत त्याच जागी दुसरी माशी मारून चिकटवली, अशी ती गोष्ट. तुमचं काम तर शब्दशः तेच दिसतं. हा वाक्प्रचार तुमच्या छंदाला लागू होतो का, जाणकारांनी सांगावं.

मूळ लेखक

काका, यावर मी दोन दिवस विचार केला, कारण माझ्या मते हा सगळा विषयच त्या वाक्प्रचाराच्या उलट आहे.

ट्राउट खालून वर बघतो. त्याला किड्याचे पाय मोजायचे नसतात. त्याला दिसते आकृती, उजेडातली हालचाल, पाण्याच्या कातडीवर पडलेला खळगा. अमेरिकेत मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये ‘ॲडम्स’ नावाचा नमुना बांधला. राखाडी अंग, तपकिरी आणि ठिपकेदार पिसांची सरमिसळ. तो कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही, अनेकांचा भास आहे, आणि १०० वर्षांनंतरही लोक तो बांधतात. इंग्लंडच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी तर दोराच काढून टाकला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस बारीक तांब्याच्या तारेनेच गुंडाळलं. तारेनेच बांधणी, तारेनेच वजन. ती तार मला आपल्याकडे कूलरच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात मिळते, रिळाच्या तळाशी उरलेली.

आणि म्हणूनच मला ‘बांधणे’ हे क्रियापद सोडवत नाही. फेटा बांधतात, तोरण बांधतात, पण बंदिशही बांधतात. बांधलेली बंदिश दर वेळी वेगळी गायली जाते. मी ऐकतो त्या रेकॉर्डिंगांतही तेच आहे. ऑलमन ब्रदर्स बँडचं मार्च १९७१ मधलं न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ सभागृहातलं वाजवणं घ्या. त्यातलं शेवटचं गाणं २३ मिनिटांचं, एलपीची अख्खी एक बाजू. तेच गाणं स्टुडिओत ५ मिनिटांत संपतं. सांगाडा तोच, पण त्या रात्री गिटार कुठे थांबली, ड्रम कुठे उचलले, हे पुन्हा तसंच होणार नाही. माझ्या डबीतले एकाच नमुन्याचे सहा फ्लाय शेजारी ठेवले तर तेही सहा वेगळे दिसतात. तेव्हा मक्षिकेच्या जागी मक्षिका नव्हे, काका.

‘वळणे’ हा शब्द मात्र एका कामासाठी मला हवा आहे. दोऱ्याला मेण लावून त्यावर सशाचे केस चिमटीने पीळ देत चढवायचे असतात. आई देवघराशी बसून वाती वळायची, अगदी तोच अंगठा आणि तेच बोट. तिचा रेडिओ लागलेला असायचा, माझा बँड. केस दोऱ्यावर ‘वळायचे’, मग तो दोरा गळावर ‘गुंडाळायचा’. इथे मला दुसरा शब्द शोधावासाच वाटत नाही.

प्रतिसाद (उमरेडकडचा)

भाऊ, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तलावातली मासेमारी. तुमच्या शब्दाचं उत्तर आमच्यापाशी हाये असं वाटते. पयला पाऊस पडला का सांजंले दिव्यावर जे येते, त्याले आमी पाखरू म्हन्तो. माशी नाई म्हनत. माशी म्हन्जे जेवनावर बसते ते. तलावावर पाखरं पडले का मासा वरतं येते, टपाटप तोंड मारते. आमचे बाबा पान्याकडं पाहून सांगत, “आज पाखरू पडलं, आज जाळं लवकर टाका.” तुमी जे बांधता ते पाखरूच हाये. काहून उगा माशीच्या मागं लागता?

मूळ लेखक

भाऊ, हाव. हेच पाहिजे होतं.

पुस्तकी मराठीत पाखरू म्हणजे लहान पक्षी, आणि मूळ ‘पक्ष’ म्हणजे पंखच. पिसांनी केलेला किडा एकाच शब्दात, दोन्ही अर्थांनी. शिवाय तुम्ही सांगितलेलं दृश्य, सांजवेळी पाखरं पडणं आणि मासा वर येणं, त्यावरच तर ही सगळी मासेमारी उभी आहे. तीर्थनच्या काठी मे-फ्लाय किड्यांचे थवे उठतात. पंख फुटल्यावर काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं त्यांचं आयुष्य. त्याला ‘माशी’ म्हणताना जीव कचरायचा, ‘पाखरू’ म्हटल्यावर बरोबर वाटलं.

एक अडचण उरते. फ्लाय म्हणून जे विकतात त्यात सगळं काही उडणारं नसतं. ‘निंफ’ म्हणजे किड्याची तळाशी दगडांत राहणारी पिल्लावस्था. तिला पंख नाहीत, तिला मी ‘अळी’ म्हणेन. ‘स्ट्रीमर’ तर लहान माशाचंच रूप. त्याला माशी म्हणायचं झालं तर ‘मासा धरायला माशासारखी माशी’ असं होईल, आणि वहिनी फोन ठेवून देतील. तेव्हा पाण्यावरचं ते पाखरू, पाण्याखालची ती अळी, आणि स्ट्रीमरला ‘पिल्लू’ म्हणून बघतो.

प्रतिसाद (नागपूर, गोळीबार चौक)

आम्ही विणकर घरातले. या कामातल्या एका इंग्रजी शब्दाला आमच्याकडे आधीच शब्द आहे. दोरा ज्या नळीवर भरता ती ‘बॉबिन’ नव्हे, ‘कांडी’. लहानपणी शाळेतून आलं की आजीजवळ बसून कांड्या भरायच्या, मगच खेळायला जायचं. या गावात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथून ‘बॉबिन’ घराघरात आला, पण हातमागावर कांडीच.

गळाच्या नंबरांबद्दलही. गळांमध्ये १० नंबर मोठा आणि १६ नंबर लहान असतो, हे मला विचित्र वाटलं नाही. सुताचं तसंच आहे. ४० नंबरचं सूत जाड, ८० चं बारीक.

एक विचारायचं आहे. शेवटी गाठ कशी मारता? निरगाठ मारली तर डोक्याशी गोळा येत असेल.

मूळ लेखक

ताई, बरोबर ओळखलंत. गोळा आला की गळाचं भोक बुजतं आणि दोर ओवता येत नाही. म्हणून गाठ मारतच नाही. दोऱ्याचं टोक त्याच्याच चार-पाच वेढ्यांखालून नेऊन ओढून घ्यायचं. इंग्रजीत ‘व्हिप फिनिश’. मी त्याला आजवर ‘बिनगाठीची गाठ’ म्हणत होतो. ‘खोचणे’ कसं वाटतं? पदर खोचतात, त्यालाही गाठ नसते आणि तो सुटत नाही.

प्रतिसाद (गोळीबार चौक)

खोचणेच. दुसरं नको.

प्रतिसाद (नागपूर, धरमपेठ)

‘लाइव्ह’कडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी. ‘थेट’ हा शब्द प्रक्षेपणाचा. मध्ये वेळ गेला की थेटपणा संपला, तुमचा आक्षेप योग्य आहे. ‘जिवंत’ हा शब्द वाटतो तेवढा परका नाही. गणपतीत ‘जिवंत देखावा’ असतो, ‘जिवंत झरा’ असतो. पण ‘जिवंत ध्वनिमुद्रण’ म्हटलं की ध्वनिमुद्रणच हात-पाय हलवतंय असं वाटतं. शास्त्रीय संगीताचे लोक ‘मैफलीचं रेकॉर्डिंग’ म्हणतात, पण मैफल म्हटली की गालिचा, लोड आणि समोर ५० माणसं डोळ्यांपुढे येतात. हजारोंची उभी गर्दी त्यात मावत नाही.

मला ‘जलसा’ सुचतो. गाण्याच्या तिकीट लावलेल्या जाहीर कार्यक्रमाला पूर्वी जलसाच म्हणत. सत्यशोधकी जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले. मोकळं मैदान, ढोलकी, उंच आवाज, लोकांनी उचलून धरलेलं ध्रुपद. अरबीत या शब्दाचा अर्थ ‘बसणं’ असा आहे हे खरं, पण मराठीत तो कधीच उठून उभा राहिला आहे. ‘जलशातलं रेकॉर्डिंग’ म्हणा.

मूळ लेखक

जलसा! तुम्ही लिहिल्याबरोबर एक गोष्ट जुळली. ग्रेटफुल डेड हा बँड श्रोत्यांना स्वतःचे जलसे टेप करू द्यायचा. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. त्या टेपा विकायच्या नाहीत, आपसात अदलाबदल करायची, एवढाच रिवाज. आपल्याकडे बुवांच्या गाण्याच्या कॅसेट जशा एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या, तशाच. त्या रेकॉर्डिंगांत कोणी खोकतं, कोणी मागून ओरडतं, ते मला हवं असतं. ‘स्टुडिओतलं’ आणि ‘जलशातलं’, ही जोडी मी आजपासून वापरतो.

आता एकच शब्द उरला. कोंबड्याच्या मानेवरचं लांब पीस गळाच्या भोकामागे गोल फिरवतात, त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात आणि त्यांवर पाखरू पाण्यावर तरंगतं. इंग्रजीत पिसालाही ‘हॅकल’ आणि त्या गोल झालरीलाही ‘हॅकल’. पिसाला ‘मानेचं पीस’ पुरतं. झालरीला काय म्हणू?

प्रतिसाद (वर्धा)

दादा, पोपट मोठा झाला की त्याच्या गळ्याभोवती गोल रेघ उमटते. आपण म्हणतो, कंठ फुटला. तुमच्या पाखराला मानेच्या जागीच ही झालर येते ना? मग ‘कंठ’.

मूळ लेखक

अंग वळलं, पंख बांधले, कंठ फिरवला, टोक खोचलं. मोठ्याने म्हणून पाहिलं, कुठेही अडलं नाही. आज रात्री १४ नंबरच्या गळावर ‘ॲडम्स’ बांधायला घेतो. फिलमोरची शेवटची बाजू लावली की २३ मिनिटं हात मोकळे असतात.