बी.एड. आंतरवासिता : नववीला 'धाराविद्युत' शिकवायचंय, ऑनलाइन साधनं वापरायची आहेत, पण वर्गात नेटच नाही

छात्राध्यापिका_विज्ञान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बी.एड. दुसरं वर्ष, पद्धती विज्ञान आणि गणित. आंतरवासितेसाठी पन्हाळा तालुक्यातली शाळा मिळाली आहे. नववीला 'धाराविद्युत' घ्यायचं आहे आणि त्यातले दोन पाठ आयसीटीवर (संगणक, मोबाइल अशा साधनांवर) आधारित हवेत. गूगल फॉर्म, काहूट (ऑनलाइन चाचणीचा खेळ), सिम्युलेशन (प्रयोगाची संगणकावरची नक्कल) या सगळ्याची कॉलेजात ओळख झाली, पण ती संगणक कक्षात, प्रत्येकापुढं मशीन असताना.

इथली परिस्थिती अशी : पट ५२, तासिका ३५ मिनिटांची. प्रोजेक्टर जुना, त्याला फक्त व्हीजीए. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. शाळेत वाय-फाय नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट चालतं, पण रेंज एक-दोन काड्या, आणि पाऊस लागला की तीही जाते. मुलांना शाळेत फोन आणता येत नाही.

विचारायचंय ते हे. सिम्युलेशन नेटशिवाय चालवता येईल का? हातात फोन नसलेल्या ५२ मुलांची चाचणी पाच-सहा मिनिटांत कशी घ्यायची? घरी भरायला गूगल फॉर्म दिला तर मराठीतलं बरोबर उत्तरही चूक धरलं जातं, ते का? आणि पाठाच्या टाचणात हे सगळं कुठं, कसं लिहायचं?

अँपिअर

ताई, आधी प्रोजेक्टरचं बघू, कारण तो अडला तर पुढचं सगळं कागदावरच राहील.

'एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर' मागा. कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. दोन गोष्टी तपासून घ्या. लॅपटॉपच्या बाजूला एचडीएमआयची पिन आणि प्रोजेक्टरच्या बाजूला व्हीजीएची खाच, अशी दिशा हवी. उलट्या दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो, पण चालत नाही. दुसरं म्हणजे नुसती केबल नको, आत चिप असलेला डबीवाला कन्व्हर्टर हवा. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग. मध्ये रूपांतर करणारं काही नसेल तर पडद्यावर 'नो सिग्नल' येणारच. व्हीजीएतून आवाज जात नाही, तेव्हा व्हिडिओ दाखवणार असाल तर वेगळा स्पीकर न्या आणि लॅपटॉपच्या आवाजाच्या खुणेवर टिचकी मारून आउटपुट 'स्पीकर' निवडा.

चित्र आलं नाही तर विंडोज की आणि पी दाबून 'डुप्लिकेट' करा. तरीही नाही आलं तर रिझोल्यूशन १०२४ × ७६८ वर आणा, जुन्या प्रोजेक्टरला तेच झेपतं. तास संपल्यावर प्रोजेक्टरची पिन उपटू नका. बटणाने बंद करा, आतला पंखा थांबू द्या, मग बोर्डावरचं बटण बंद करा. तापलेला दिवा पंख्याशिवाय राहिला की त्याचं आयुष्य घटतं, आणि नवा दिवा शाळेला परवडत नाही.

आता सिम्युलेशन. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली एचटीएमएल-५ सिम्युलेशन्स उतरवून ठेवता येतात. प्रत्येकाची एकच फाइल असते, नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल. लॅपटॉपवर ती ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही. पानावरच भाषांतरांची यादी असते. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, तिथूनच उतरवा. तुम्हाला लागणार ते 'सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी'. घरी फाइल उतरवा, नंतर लॅपटॉप विमान मोडवर टाकून ती उघडा. तशी उघडली तरच शाळेत उघडेल. एक प्रत पेनड्राइव्हवर असू द्या.

हे वापरताना चुकतं कुठं? सुरुवातीला तारेत निळे ठिपके फिरताना दिसतात. ते इलेक्ट्रॉन आहेत, ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाणारे. पुस्तकात विद्युतधारेची दिशा धनाकडून ऋणाकडे दाखवलेली असते. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर मुलं दोन्हींतलं एक चूक ठरवून मोकळी होतात. प्रवाह दाखवण्याच्या पर्यायात 'इलेक्ट्रॉन' आणि 'कन्व्हेन्शनल' अशा दोन निवडी आहेत. आधी एक, मग दुसरी दाखवा आणि दोन्ही दिशा मुलांना वहीत बाणांनी काढायला लावा. याला दोन मिनिटं जातील, पण ती द्याच.

अमीटर दोन आहेत. त्यातला जो नुसता तारेवर नेऊन वाचता येतो, तो टाळा. नाहीतर अमीटर परिपथात एकसर जोडायचा असतो हे मुलांच्या डोक्यातच बसणार नाही. 'लॅब' पडद्यावरचा एकसर जोडायचा अमीटर घ्या.

घट ९ व्होल्ट, रोध १० ओहम ठेवला की ०.९० अँपिअर दिसतं. घटावर टिचकी मारून विभवांतर ३, ६, ९, १२ करत जा : ०.३०, ०.६०, ०.९०, १.२०. प्रत्येक वेळी आकडा दाखवण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला सांगा. नाहीतर पडदा बघणं एवढंच होतं. मग १० ओहमचे दोन रोध एकसर जोडले की ९ व्होल्टला ०.४५, समांतर जोडले की मुख्य तारेत १.८० अँपिअर.

पण नुसत्या पडद्यावर पाठ उभा करू नका. सिम्युलेशनमधला रोध तापून बदलत नाही, म्हणून आकडे इतके सरळ येतात. टेबलावर एक खराखुरा परिपथ ठेवा : १.५ व्होल्टचे तीन घट, पाव वॉटचा १०० ओहमचा रोध, मल्टिमीटर. एका घटाला सुमारे १५ मिलिअँपिअर, दोनला ३०, तीनला ४५. मल्टिमीटरची कळ २०० मिलिअँपिअरवर ठेवा. १० ओहमचा पाव वॉटचा रोध घेऊ नका. दोन घट लावले की त्यात ०.९ वॉट खर्च होतात आणि तो चटका बसण्याइतका तापतो. बल्बही नको. तार तापली की तिचा रोध वाढतो, आलेख वाकतो, आणि ओहमचा नियम (धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते) चुकला की काय असं मुलांना वाटतं. धारा मोजायच्या कळीवर असताना मल्टिमीटर थेट घटाच्या दोन टोकांना लावला तर आतला फ्यूज जाऊ शकतो. जोडणी तुम्ही स्वतः करून द्या.

फळा_आणि_पडदा

चाचणीसाठी काहूट विसरा, त्याला प्रत्येक मुलाच्या किंवा गटाच्या हाती उपकरण लागतं. तुमच्या वर्गाला 'प्लिकर्स' बसेल. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड. त्यावर काळी चौकटीदार आकृती असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. ज्या उत्तराचं अक्षर वर, ते त्याचं उत्तर. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, तो सगळी कार्डं टिपत जातो. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. हात वर करायला लाजणारी मुलंही यात उत्तर देतात, म्हणून मला हे साधन मनापासून आवडतं.

कार्डांचे संच मोफत छापता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. तुमचा पट ५२, म्हणजे ६३ चा घ्या. कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. साध्या कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. झेरॉक्सवाल्याला सांगा, मोठं केलं तर दोन्ही बाजूंनी सारखं, नुसतं लांबट करू नका.

मुलांची बोटं काळ्या भागावर येतात, ही नेहमीची चूक. कार्डाच्या पांढऱ्या कडेला धरायचं, छातीसमोर, सरळ. पहिल्या दिवशी 'आज वार कोणता?' असला एक प्रश्न सरावासाठी टाका. मोफत खात्यात एका संचात पाच प्रश्न बसतात. तुम्हाला तीन पुरेत.

मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींना थोडं नेट लागतं. रेंज गेली तर? बॅगेत दुसरी सोय हवी : ए-फोर कागदाची चौपट घडी, चार भागांवर ठळक अ, ब, क, ड. मुलं घडी करून एकच भाग पुढं धरतात, तुम्ही नजरेनं अंदाज घेता. नोंद राहत नाही, पण वर्गाला कळलंय की नाही ते तेवढ्यात समजतं.

प्रश्न असे घ्या की चुकीच्या उत्तरामागचा घोळ दिसावा. 'ओहमचा नियम कोणता?' असं विचारू नका. 'रोध दुप्पट केला, विभवांतर तेच ठेवलं, तर विद्युतधारा' आणि पर्याय : दुप्पट, निम्मी, तेवढीच, शून्य. 'दुप्पट' म्हणणारी बरीच निघाली तर पुढं सरकू नका.

दप्तर

फॉर्मबद्दल सांगतो. सेटिंग्जमध्ये 'मेक धिस अ क्विझ' चालू करा. मग प्रत्येक प्रश्नाखाली 'आन्सर की'मध्ये उत्तर आणि गुण भरायचे.

मराठी उत्तर चूक धरलं जातं, कारण लहान उत्तराच्या प्रश्नात फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो. ओहम, ओह्म, ओम ही त्याच्या लेखी तीन वेगळी उत्तरं. देवनागरी ०.९ आणि इंग्रजी अंकांतला तोच आकडा हेही वेगळे. ०.९० आणखी वेगळा. उपाय दोन : एकतर बहुपर्यायी प्रश्न द्या, नाहीतर आन्सर कीमध्ये चालतील ती सगळी रूपं एकाखाली एक भरा. पर्यायांचा क्रम बदलता ठेवलात तर 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय देऊ नका, तो कधीकधी सगळ्यात वर येऊन बसतो.

'एकदाच भरता येईल' ही अट लावली की गूगल खात्यानं आत यावं लागतं. फाइल जोडायचा प्रश्न टाकला तरी तेच. घरात एकाच फोनवर दोन-तीन भावंडं असतात, तिथं मुलं अडकतात. दोन्ही बंद ठेवा आणि पहिला प्रश्न 'हजेरी क्रमांक' ठेवा, यादीतून निवडायचा. निकाल लगेच दिसू द्यायचा असेल तर 'करेक्ट आन्सर्स' बंद करा. नाहीतर पहिल्यानं भरलेल्याचा स्क्रीनशॉट रात्रीपर्यंत सगळ्या गटात फिरतो.

पूर्ण नाव, मोबाइल नंबर, आधार, फोटो यातलं काही मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. फॉर्म देण्याआधी वर्गशिक्षकांना दाखवा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. पाठाचे फोटो ठेवायचे असतील तर पडद्याचे, फळ्याचे काढा, मुलांच्या चेहऱ्यांचे नकोत. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांना तेच प्रश्न छापून द्या, त्याच दिवशी, न मागता.

पुस्तकातला क्यूआर कोडही विसरू नका. दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपनं तो स्कॅन होतो. स्कॅन नाही झाला तर त्याच्याखालची सहा अक्षरी खूण अ‍ॅपच्या शोधात टाइप करा. मिळालेलं साहित्य घरी उतरवून ठेवलं की वर्गात नेटशिवाय दिसतं.

छात्राध्यापिका_विज्ञान

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचणाचं तेवढं राहिलं. आणि एक अडचण आली : घरी मराठीत पीपीटी केली, ती शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरं फुटली, ओळी खाली घसरल्या.

अँपिअर

टाचणात 'शैक्षणिक साधने' या एका ओळीत सगळं कोंबू नका. शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती या रकान्यांत मिनिटांसकट लिहा. ३५ ची वाटणी साधारण अशी : पूर्वज्ञान ३, खरा परिपथ ५, सिम्युलेशन आणि वहीतला तक्ता १२, आलेख व निष्कर्ष ५, प्लिकर्स ६, गृहपाठ ४. शेजारी एक ओळ : 'वीज गेल्यास तक्ता फळ्यावर, वाचने खऱ्या परिपथावरून.' निरीक्षकांना ती ओळ दिसली की पूर्वतयारी कळते. प्रोजेक्टर मांडायला आठ-दहा मिनिटं जातात, म्हणून मधल्या सुट्टीनंतरचा तास मागून घ्या.

दप्तर

पीपीटी फुटली ती फॉन्टमुळं. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अगम्य खुणा दिसतात, फॉर्ममध्ये पेस्ट केलं तरी तेच. युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या पद्धतीत) लिहा. युनिकोड असूनही ओळी घसरल्या तर तुमचा फॉन्ट तिकडं नाही : फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स' करा. अ‍ॅनिमेशन नसेल तर सरळ पीडीएफ न्या. अक्षर २८ च्या खाली नको, एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त नको.

देठाचा_श

फॉन्ट निवडताना 'ल' आणि 'श' बघून घ्या. संगणकातले पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. २००९ च्या शासन निर्णयानं आपल्याकडं पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला, पाठ्यपुस्तकातही तोच असतो. 'टिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट मराठी वळणाचा आहे.

आणि 'वाहणाऱ्या विद्युतधारेला' लिहिताना 'वाहणार्या' होऊ देऊ नका. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई, की 'ऱ्या' उमटतो. हाच 'ऱ्या' काही कीबोर्ड साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून घडवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, फॉर्मला मात्र वेगळे. तेव्हा आन्सर कीमध्ये असा शब्द असेल तर तो लॅपटॉपवरून एकदा आणि मोबाइलवरून एकदा, असा दोनदा भरून ठेवा.