दिवाळीच्या भेटी: इंदूरहून थोडी भर

"छोट्या विक्रेत्यांकडून घेतलं की महाग पडतं, शिवाय वेळेवर हाती येत नाही", हे दिवाळीच्या भेटींवरच्या चर्चेतलं म्हणणं मला निम्मंच पटलं. वेळेचं खरं आहे. हातमागावरची साडी उतरायला दिवस लागतात, म्हणून आमच्याकडे गणपती उठले की महेश्वर गावच्या विणकरांना विचारून ठेवायचं. नवरात्र संपल्यावर फोन केलात तर उरलंसुरलं मिळेल.

भावाचं म्हणाल तर नक्की कशाशी तुलना करताय? यंत्रमागावरची नक्कलही बाजारात 'महेश्वरी' म्हणूनच खपते. खऱ्या महेश्वरीचा ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे धागे) सुती. अंगावर हलकी बसते. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा आहे का, तेही बघून घ्या. साडीएवढं बजेट नसेल तर दुपट्टा घ्या.

इंदूरची चामड्याची खेळणी कशी कोणाला आठवली नाहीत? तारेचा सांगाडा, कागदाचा भराव, वरून चामडं. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. नावाला खेळणी, खरी जागा शोकेसमध्ये! चामडं न चालणाऱ्या घरी मात्र देऊ नका. कुरिअरने पाठवणार असाल तर खोक्यात कागद ठासून भरायला सांगा, नाहीतर हत्तीची सोंड वाकून पोचते.