फ्रिजला हात लावला की झिणझिणतंय, वायर सोलणं आणि अर्थिंगबद्दल मदत हवी आहे

चिरेबंदी:
नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे होती, चार शिव्या घातल्या तरी चालतील. गावाकडचं घर खानापूर तालुक्यात, आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, आणि वायरिंग तीन वेगवेगळ्या वायरमननी तीन वेगवेगळ्या वेळी केलेलं. मी बेळगावात असतो, शनिवार-रविवार जातो. परवा गेलो तर आईनं फ्रिजसमोर लाकडी पाट ठेवलेला. विचारलं तर म्हणे पाटावर उभं राहूनच फ्रिज उघडायचा, नाहीतर ओल्या हाताला झिणझिणतं. कधीपासून? तर म्हणाली, गणपतीच्या आधीपासून. आणि मला आत्ता सांगतेय.

मग बोर्ड उघडला. फ्रिजच्या सॉकेटला वरच्या मोठ्या भोकाला अर्थची हिरवी वायर आलीच नव्हती, ती मागं खोक्यात कापून गुंडाळून ठेवलेली. न्हाणीजवळच्या बोर्डात तर अर्थची पिन आणि न्यूट्रलची पिन लाल वायरच्या तुकड्यानं एकत्र जोडलेली. मल्टिमीटर लावला, फेज ते न्यूट्रल २२८ आलं, फेज ते ती कापलेली हिरवी वायर कधी ७० कधी ११०, नाचतंय नुसतं.

दुसरं म्हणजे नवीन सॉकेट मीच बसवालोय, २.५ चौरस मिमीची वायर आहे, ब्लेडनं सोलताना प्लास्टिकबरोबर पाच-सहा तारा पण निघून येतात. एवढ्यानं काही होतं का? आणि हिरवी वायर नेमकी कुठं जोडू?

बाजारगल्ली:
अर्थची पिन न्यूट्रलला जोडून लूप मारून टाक भावा, झिणझिण लगेच बंद. आमच्या घरी कित्येक वर्षं तसंच आहे, काही झालं नाही.

परड्यातला वायरमन:
वरच्या भावानं जे सांगितलंय ते अजिबात करू नकोस आणि न्हाणीजवळचा तो लाल तुकडा आधी काढ, बाकीचं नंतर बोलू.

कारण सांगतो. लूप मारला की झिणझिण थांबते हे खरं, म्हणून तर सगळे मारतात. पण खांबावरून येणारा न्यूट्रल कधी ना कधी सैल होतो, तुटतो, खानापूरच्या पावसात आणि वाऱ्यात तर होतोच होतो. न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून फेज उलटा त्या न्यूट्रलवर येतो आणि लूपमधून थेट त्या बोर्डाला लावलेल्या मशीनच्या पत्र्यावर. म्हणजे आत्ता नुसती झिणझिण आहे, तेव्हा पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर उभे असतील आणि आई ओल्या न्हाणीत असेल. बाजारगल्लीवाल्या, तुमचा न्यूट्रल अजून तुटला नाही एवढंच.

मीटरचे आकडे नाचतायत म्हणजे ती हिरवी वायर कुठंच जोडलेली नाही, नुसती हवेत आहे. अर्थ चांगला असला की फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रलएवढंच येतं आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास. पण मीटरवर २२८ दिसले म्हणून अर्थ चांगला असं पण समजू नकोस, मीटर एवढा कमी करंट ओढतो की गंजलेल्या एका तारेवरही बरोबर आकडा दाखवतो.

आता सोलणं. २.५च्या वायरीत ०.३ मिमीच्या ३६ तारा असतात, १.५च्यात २२. सहा गेल्या म्हणजे सहावा हिस्सा कमी, आणि खरा त्रास पुढं आहे. ज्यांना ब्लेडची नुसती खाच पडलीय त्या स्क्रू आवळताना तुटतात, तिथं सैल पडतं, गरम होतं, सॉकेट पिवळा पडायला लागतो. म्हणून तेवढा भाग कापून परत सोल. ब्लेड वायरला काटकोनात धरून गोल फिरवायचं नाही, पेन्सिल तासतो तसं तिरकं धरायचं. नाहीतर सरळ स्ट्रिपर घे, त्याला मापाची भोकं असतात, आधी वाया गेलेल्या तुकड्यावर करून बघ, एक पण तार निघाली तर भोक लहान आहे. दातानं सोलणारे पण बघितलेत मी, मीही त्यातलाच होतो, आता पुढचा दात अर्धा आहे.

सोललं की तारा जशा वळलेल्या आहेत त्याच बाजूला पीळ दे, एक पण तार बाहेर राहता कामा नये. सॉकेटच्या मागं बघ, किती सोलायचं त्याची खूण असते बऱ्याचदा. भोक मोठं आणि वायर एकटी असेल तर दुप्पट सोलून दुमडून घाल, स्क्रू चांगला बसतो. शिसं लावून टणक करू नको, स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि वर्षभरात परत सैल. आवळल्यावर वायर ओढून बघायची, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही.

चिरेबंदी:
अण्णा, लाल तुकडा काढला. पण काढताना झटका बसला. मेन बंद होता, खरंच.

टिळकवाडीकर:
घरात इन्व्हर्टर आहे का? मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाईनला करंट असतोच. आणि जुन्या घरात फेज-न्यूट्रल उलटे असले तर एकपदरी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, एकच वायर तोडणारा स्विच) नुसता न्यूट्रल तोडतो, वायर जिवंतच राहते. प्रत्येक वायरीला टेस्टर लाव, आणि टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून पेटतोय का बघ.

चिरेबंदी:
इन्व्हर्टरच होता. माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मग फ्रिजचा अर्थ घरात नेमका कुठं जोडायचा?

परड्यातला वायरमन:
घरातला कुठला पाण्याचा पाईप वगैरे नाही. सगळ्या हिरव्या वायरी डिस्ट्रिब्यूशन बोर्डातल्या अर्थच्या पट्टीवर आणि तिथून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर, मध्ये स्विच नाही, फ्यूज नाही. एका सॉकेटच्या स्क्रूवरून पुढच्याला नेलं तर एक स्क्रू सैल झाला की पुढचे सगळे बिनअर्थचे, तसं करू नको.

खड्डा बघ आधी. आणि खड्डा चांगला म्हणून निवांत राहू नकोस. समज खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आहे, तर पत्र्यावर फेज आला तरी २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियरच जातील, १६चा एमसीबी पडणारच नाही. म्हणून ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) पाहिजे, महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबायचं. न्यूट्रल-अर्थ लूप कुठं राहिला असेल तर ती टिकणारच नाही, सारखी पडेल, तेव्हा कळेलच. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घे.

आणि फ्रिजच्या प्लगमध्ये पण बघ. मोठी पिन लांब का असते, तर आधी अर्थ लागावा म्हणून. आतली हिरवी वायर पण जरा लांब ठेवायची, कुणी ओढलं तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. प्लगच्या वायरीत ब्राऊन फेज, निळी न्यूट्रल असते, घराच्या वायरिंगमध्ये मात्र निळी तिसरा फेज पण असू शकते, तिथं रंगावर विश्वास नको.

चिरेबंदी:
दोन आठवड्यांनी लिहालोय. खड्डा धुण्याच्या दगडाखाली सापडला. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची तार क्लँपपाशी पापडासारखी कुरकुरीत झालेली, हात लावला आणि हातात आली. आठ गेजची म्हणत होते, तिथं सुतळीएवढी पण उरली नव्हती. मिठानं खाल्ली म्हणाले वायरमन. पायापासून दीड मीटर सोडून नवीन खड्डा मारला, जांभा लागला, पहारीनं दोन दिवस गेले, अडीच मीटरचा पाईप, कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला फनेल. आता फेज ते अर्थ २२७, न्यूट्रल ते अर्थ दीड.

आरसीसीबी बसवली आणि फ्रिज लावला की धाडकन पडली. मेकॅनिक बोलावला, कॉम्प्रेसरजवळची वायर उंदरानं कुरतडलेली, तांबं पत्र्याला टेकत होतं. म्हणजे गणपतीपासून आई त्याच्यासमोर पाटावर उभी होती.

एक राहिलंच. माजघरातली वायर ॲल्युमिनियमची आहे, १/१८ म्हणतात ना ती, आणि मला तिला नवीन तांब्याची जोडायचीय. पीळ मारून टेप लावली तर?

परड्यातला वायरमन:
तांबं आणि ॲल्युमिनियमला पीळ मारायचा नाही, दमट हवेत तांब्यामुळं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोर्डाचा फोटो टाक. इन्व्हर्टर बंद करून काढ.