लिस्बनच्या आल्फामात स्टुडिओ घेतलाय, आईचे गुडघे दुखतात. ठेवू की रद्द करू?

दोन_तिकिटं:
नमस्कार. मी आणि आई १० ते १५ जून, पाच रात्री लिस्बनला जातोय. आई ६६ वर्षांची. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण जिना एकेक पायरी करत, कठडा धरूनच चढते.

आल्फामात एक स्टुडिओ बुक केलाय. एकच खोली, २२ चौरस मीटर. खिडकीशी पलंग, ओट्यावर दोन शेगड्या, चिमुकलं न्हाणीघर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. फोटोतल्या खिडकीनेच मी हरखले: समोरच्या घराच्या दोरीवर चादरी वाळताहेत आणि त्यांच्या वर नदीचा निळा तुकडा. मालकीणबाई लिहितात, ट्रामपासून पाच मिनिटं. नकाशावरही तसंच दिसतं.

आईला हॉटेल नको आहे. सकाळचा चहा स्वतःच्या हातचा हवा, एवढीच तिची अट. नोकरी लागली की तुला परदेशात नेईन, असं तिला सांगून आठ वर्षं झाली. त्यामुळे हे चुकायला नको. शुक्रवारपर्यंत पैसे न कापता रद्द करता येईल. तिथे राहिलेल्या कुणी खरं काय ते सांगाल का?

पाठीवरची_पिशवी:
बिनधास्त ठेवा. आम्ही चौघं मित्र तिथेच होतो. २८ नंबरची ट्राम, पायाशी नदी, रात्री गल्लीत फादोचं गाणं. असा मोहल्ला दुसरा नाही.

तुळशीपाशी:
तुझ्या आईपेक्षा पाचच वर्षांनी लहान आहे, म्हणून अगं-तुगं करते. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ऑक्टोबरात आम्ही दोघं नवरा-बायको आल्फामात अशाच एका खोलीत नऊ रात्री राहिलो.

"ट्रामपासून पाच मिनिटं" हे खरंच असेल. पण ती पाच मिनिटं उताराची की चढाची, हे विचार. ट्राम जाते वरून, पोर्ताश दो सोलच्या कठड्याजवळून. घरं तिथून खाली नदीपर्यंत उतरत गेलेली. आम्हालाही असंच पाच मिनिटं म्हणून सांगितलं होतं. ट्रामपासून दारापर्यंत ७४ पायऱ्या निघाल्या, आणि दाराच्या आत आणखी ३१. नकाशात रस्ता आणि जिना सारखेच दिसतात गं. गल्लीच्या नावात 'इश्कादिन्याश' असेल तर तो जिनाच समज, आणि 'बेको' म्हणजे बोळ. टॅक्सी दारापर्यंत येत नाही. चौकात सोडते, पुढे सामान आपल्या हातात.

त्यालाही कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात खालचा सखल भाग, बाइशा, कोसळला आणि नंतर सरळ रेषेत, काटकोनात नव्याने बांधला गेला. आल्फामा टेकडीच्या टणक खडकावर आहे, म्हणून बरंचसं वाचलं. त्यामुळे तिथल्या वाटा अजून भूकंपाच्या आधीच्याच आहेत, माणसाच्या आणि गाढवाच्या पावलाने पडलेल्या. फरशी म्हणजे छोटे छोटे चिरे, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले. आमच्या तिसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि मी भिंत धरून उतरले. चढण्यापेक्षा मला उतरण्याचंच भय वाटलं. तुझी आईही तेच सांगेल.

आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या लक्षात आली नसावी: तारखा. १२ जूनची रात्र ही सांतू अंतोनियो या संताच्या उत्सवाची रात्र, आणि १३ तारखेला लिस्बन शहराला सुट्टी असते. त्या रात्री अवेनिदा द लिबेरदादवर मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या मिरवणुका निघतात आणि आल्फामात बोळाबोळात तारली भाजतात, गाणी लागतात, माणसाला माणूस लागलेलं असतं. माझी पुतणी त्या रात्री तिथे होती. शंभर पावलांवरच्या घरी पोचायला तिला पाऊण तास लागला, आणि पहाटेपर्यंत खिडकी उघडता आली नाही. ती २४ वर्षांची, तिला ते जन्मभर पुरेल. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या गर्दीतून ओल्या पायऱ्या उतरवू नकोस.

खोलीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. आमची तुझ्यापेक्षाही लहान होती. सकाळी एक खिडकी उघडली की समोरच्या आजी आमच्या ओट्यावर काय शिजतंय ते बघायच्या. 'बोंम दीआ', म्हणजे शुभ सकाळ, म्हटलं की हसायच्या. आल्या रात्री आम्ही चाकांची बॅग चिऱ्यांवरून खडखडत नेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताने चाकं फिरवून दाखवली, मग कान झाकून दाखवले. मला फार लाज वाटली. त्या बोळात बहुतेक दारांना भाडेकरूंसाठी किल्लीच्या पेट्या लटकलेल्या, आणि जुन्या रहिवाशांपैकी त्या आजी एकट्याच उरलेल्या. आल्फामात अशा खोल्यांच्या नव्या नोंदण्या २०१८पासून रोखल्या आहेत, त्या उगीच नाही. निघताना आम्ही बॅग उचलून नेली. नवरा दोनदा थांबला, पण उचलूनच नेली.

मी तुझ्या जागी असते तर हे रद्द करून साल्दान्याच्या बाजूला लिफ्ट असलेला स्टुडिओ घेतला असता. रस्ते रुंद आणि बरेचसे सपाट आहेत, आणि विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट तिथे येते, गाडी बदलावी लागत नाही. आल्फामा आईला दाखवच, पण वरून वेगळं आणि खालून वेगळं. एक सकाळ टॅक्सीने वर सांता लुझियाला जा. निळ्या फरशांच्या भिंती आहेत, बसायला बाकं आहेत, खाली सगळी कौलं आणि नदी. दुसऱ्या दिवशी टॅक्सीनेच खाली फादो संग्रहालयाच्या चौकात उतर. तो भाग सपाट आहे, आणि आत बसून गाणी ऐकता येतात. मधल्या पायऱ्या तिला चढायला-उतरायला लावू नकोस.

ठेवायचंच ठरवलंस तर मालकीणबाईंना एवढंच विचार: टॅक्सी थांबते तिथून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि कठडा सगळीकडे आहे का?

पाठीवरची_पिशवी:
काकू, १२ जूनचं माझ्या लक्षातच आलं नाही. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो आणि आमच्यात कुणाचे गुडघे दुखत नव्हते. ताई, माझा 'बिनधास्त' मागे घेतो.

हिशेबनीस:
पैशांचं सांगतो. लिस्बनमध्ये १३ वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याला रात्रीमागे ४ युरो पर्यटन कर आहे, जास्तीत जास्त सात रात्रींचा. सप्टेंबर २०२४ आधी तो २ युरो होता. तुम्हा दोघींचे पाच रात्रींचे ४० युरो होतात. भाड्यात धरलेत की वेगळे द्यायचे, ते आधीच विचारा. जाहिरातीत 'एएल' (पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराची अधिकृत नोंदणी) आणि पुढे नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघा. नसेल तर ती जागा घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

आणि १० जूनला पोर्तुगालची राष्ट्रीय सुट्टी असते. पोचल्या दिवशी किराणा मिळेलच असं धरून चालू नका. चहा, साखर, थोडा तांदूळ बॅगेत असू दे. डाळी आणि मसाले नंतर मार्टिम मोनिझजवळच्या आशियाई दुकानांत मिळतात.

दोन_तिकिटं:
काकू, तुमचाच प्रश्न शब्दशः पाठवला. मालकीणबाईंनी तासाभरात प्रामाणिक उत्तर दिलं: टॅक्सी थांबते तिथून ५८ पायऱ्या, आत ३४, आणि शेवटच्या वळणावर कठडा नाही. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्या आईला मी बोलावणार नाही." त्यांचे मनापासून आभार मानून रद्द केलं.

साल्दान्याला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. लिफ्ट आहे, नोंदणी क्रमांकही आहे. खिडकीतून समोरची इमारत दिसते, बाकी काही नाही. रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, शेगडी आहे ना? मग बास. थोड्या वेळाने परत आली आणि नदी कुठून दिसेल ते विचारलं. १४ तारखेची सकाळ सांता लुझियासाठी ठेवली आहे.

तुळशीपाशी:
नऊच्या आत पोच, बाकावर जागा मिळेल. थर्मासमध्ये तिच्या हातचा चहा भरून ने.